पाणबुडीची कॅसेट

९ ऑक्टोबर १९८६, गुरुवार

हे आले. अकरा महिन्यांनी. मुंबईची गाडी दोन तास उशिरा, तरी मिनू स्टँडवरून हलायला तयार नव्हती. अकरा वर्षांची घोडी, पण बाबा दिसल्याबरोबर गळ्यात पडली. ह्यांचे केस विरळ झालेत. हात तसेच, बोटीवरच्या फिटरचे, साबणाने न जाणारं काळं नखांत.

जेवण झाल्या झाल्या कपाटावरचं खोकं खाली काढलं. एप्रिलमध्ये वेंगुर्ल्याच्या एका दोस्ताबरोबर पुढे धाडलेला कॉम्प्युटर. सहा महिने आम्ही उघडून पाहिला नाही. तसा हुकूमच होता. सोबतच्या पाकिटातून दोन कॅसेटी निघाल्या. हे मिनूला सांगत होते, खेळ ह्या कॅसेटीत असतात. आपला टेपरेकॉर्डर कॉम्प्युटरला जोडायचा, कॅसेट लावायची, की खेळ टीव्हीवर येतो. आपण ऐकली तर नुसती किरकिर. यंत्राला ती भाषा कळते.

मी ताटं उचलत होते. तशीच उभी राहिले.

दुसऱ्या कॅसेटीवर दोस्ताच्या अक्षरात निळ्या शाईने: विमान, भूलभुलैया, पाणबुडी. ती किरकिर मी ऐकलेली आहे. आणि तिच्यावर

उद्या लिहीन.

१० ऑक्टो., शुक्र.

लिहून टाकते.

जुलै. मिनूला तापाचा पाचवा दिवस. वाटेतल्या व्हाळाला पूर, एस.टी. बंद. तिला पाठुंगळी घेऊन आमच्या वायरीहून मालवणच्या डॉक्टरपर्यंत चालत गेले होते. परत आले तर ह्यांचं पत्र आलेलं. दोन पानं. कॉम्प्युटरला खारी हवा लागू देऊ नको, जमिनीवर ठेवू नको, प्लास्टिकमध्ये दोनदा गुंडाळ. मिनूबद्दल एक ओळ, अभ्यास करते ना. त्यांना तापाचं कळणार कसं, हे मला तेव्हाही कळत होतं.

देवबागचा एक खलाशी दुसऱ्या दिवशी मुंबईला जाणार होता. बोटीवर पत्राऐवजी कॅसेट भरून धाडायची आमची रीतच आहे. कोरी कॅसेट घरात नव्हती. पाकिटातली एक लावून बघितली. पत्र्याच्या डब्यात रातकिडे कोंडल्यासारखा आवाज. म्हटलं, दमट हवेने गेली ही. आणि तिच्यावर बोलले.

काय बोलले ते शब्द न् शब्द पाठ आहे. "तुमी गेल्यार माका बरा वाटता. तुमी येतास तेवा घरात पावणो इल्यासारख्या वाटता. मिनू आणि मी दोघीच आसताना हसतो. तुमी इलास काय मी तुमच्या तोंडाकडे बघीत ऱ्हवतंय." अजून पुष्कळ. अर्धा तास. पूर्ण बाजू संपेपर्यंत.

सकाळी मिनूचा ताप उतरला. कॅसेट धाडली नाही. पाकिटात परत ठेवली, आणि ठेवली हे विसरले. विसरले म्हणजे विसरायचं ठरवलं.

दसरा

कॉम्प्युटर सुरू झाला. शाळेच्या पाटीएवढा काळा चपटा डबा, रबराची बटणं. टीव्हीचं बटण फिरवून फिरवून शेवटी पडद्यावर अक्षरं उमटली तेव्हा ह्यांचा चेहरा बघण्यासारखा होता. पूजेत त्यांच्या पान्यांशेजारी कॉम्प्युटरही मांडला. झेंडूचं फूल, हळदकुंकू. मिनूने बटणांवर हळद सांडली म्हणून ब्रशने साफ करत बसले.

यंत्राबरोबरची पहिली कॅसेट लागली. लगेच नाही. आवाज कमी, आवाज जास्त, असं करता करता सातवर ठेवल्यावर लागली. पडद्यावर रेघा, गोल, आकडे. मिनू टाळ्या वाजवत होती. दुसरी उद्यापरवा, म्हणाले. निवांत लावू.

मी देवाकडे काय मागितलं ते लिहीत नाही.

१५ ऑक्टो., बुध.

नाही लागली. कशी लागणार.

अकरा वेळा लावली. कॅसेट फिरते, पडदा तसाच. जोडलेली तार टेपरेकॉर्डरच्या भोकात असली की बाहेर आवाज येत नाही. त्या तारेने मला वाचवलं आहे. ती उपटून कोणी बटण दाबलं तर घरभर मी.

ह्यांनी आवाज बदलून बघितला. वायर बदलली. शेजारच्या विहिरीचा पंप लागला की व्होल्टेज पडतं म्हणून पंप बंद होईपर्यंत थांबले. टेप वाचणाऱ्या हेडला स्पिरिटचा कापूस. मी चहा करून दिला. काय चुकतंय हो, असं विचारलंसुद्धा. असं विचारता आलं मला.

मिनूला कागदावर पाणबुडी काढून दाखवत होते. वरून बॉम्ब पडतात, आपण खडकांमधून वाट काढायची. दोस्ताच्या केबिनमध्ये हे स्वतः खेळलेत. तेव्हाच ठरवलं म्हणाले, हे मिनूला न्यायचं.

१६ ऑक्टो., गुरु.

हे बाजारात मासे आणायला गेले. मिनू शाळेत. मी शिकवते ती शाळा दुपारची. म्हटलं, पुसून टाकू. वर काहीच न बोलता रेकॉर्डचं बटण दाबून ठेवलं की झालं. मग सांगता येईल, चुकून गाणी भरायला गेले होते.

वीज गेली. सेल बघितले तर टेपरेकॉर्डरचे सेल रात्रीच्या उजेडाच्या बॅटरीत घातलेले, ते दोनच, लागतात चार. दोन सेल हातात घेऊन उभी होते तेव्हा पायरीवर चपला वाजल्या. हे म्हणाले, "काय गो, बॅटरी कित्याक उघडलंस?" म्हटलं, पुसत होते. सरंगे आणले होते. मापाने मीठ घातलं तरी कालवण खारट झालं.

१९ ऑक्टो., रवि.

आज वाईट झालं.

मिनूने वर्गात सांगून ठेवलेलं. पाच मैत्रिणी आल्या, केसांना तेल, वेण्या घालून, लग्नाला आल्यासारख्या. ओळीत बसल्या. ह्यांनी पहिली कॅसेट दाखवली. रेघा, गोल. मग एक पोरगी म्हणाली, पाणबुडी? तासभर खटपट चालली. पंख्याखाली घाम. पोरी आधी गप्प होत्या, मग आपसात बोलू लागल्या, मग एकेक करून गेल्या. शेवटची "येतंय हां मिनू" म्हणून गेली. मिनूने मान वर केली नाही.

मग ह्यांनी मिनूला समोर उभं केलं.

"खरा सांग. मी येवच्या आधी कॅसेटीक हात लावललंस?"

"नाय बाबा."

"उनात ठेवललंस? रेडियोर ठेवललंस?"

"नाय. शप्पत."

"मगे काय आपोआप बिघाडली?"

मारलं नाही. पण खोटं बोलतेस म्हणाले. मिनू माझ्याकडे बघत होती. मी वाटीत खोबरं किसत होते. किसतच राहिले.

रात्री जेवली नाही ती. मी जेवले.

२१ ऑक्टो., मंगळ.

पुस्तिकेत ह्यांना सापडलं की दुसऱ्याच्या टेपरेकॉर्डरवर भरलेली कॅसेट आपल्यावर चालत नसेल तर हेडजवळचा एक बारीक स्क्रू फिरवावा लागतो. स्वतः फिरवायला धीर होईना. म्हणाले, बोटीचं इंजिन उघडतो मी, पण हा स्क्रू डोळ्यांना दिसतसुद्धा नाही. टेपरेकॉर्डर आणि कॅसेट घेऊन मालवणच्या बाजारात, भरडावर, शांतारामकडे गेले.

शांताराम रेडिओवाले. माझ्या माहेरचे, आचऱ्याचे. तिथे आमच्या घरामागेच त्यांचं घर. मी लहानपणापासून दादा म्हणते. स्क्रू कसा फिरवतात विचारलं तर हे म्हणाले, कॅसेट लावून ऐकायची, आवाज सगळ्यात स्वच्छ येईपर्यंत फिरवायचा.

ऐकायची.

शाळेत पाढे घेताना चौदाचा पाढा चुकले. पोरांनी हसून दुरुस्त केला.

२२ ऑक्टो., बुध.

हे संध्याकाळी आले ते तणतणत. शांतारामने कॅसेट पुसून टाकली. स्क्रू फिरवताना चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं गेलं म्हणे, आणि ध्यानात येईपर्यंत सगळी बाजू कोरी. कबूल केलं त्याने, हात जोडले. ह्यांनी तिथेच चार माणसांत त्याला नाही नाही ते ऐकवलं. चहाच्या हॉटेलातही सांगून आले. तीस वर्षं दुकान चालवतो आणि बटण कळत नाही.

मग मिनूला जवळ घेतलं. म्हणाले, तुझी चूक नव्हती, मी उगीच बोललो. मिनू रडली.

मी चुलीपुढे बसून होते. त्या कॅसेटीत पुसण्यासारखा खेळ नव्हताच. होता तो माझा आवाज. म्हणजे दादांनी ऐकलं. आणि ऐकून पुसलं. आणि पुसलं हे स्वतःवर घेतलं.

सुटले, असं वाटलं पहिल्यांदा. खरंच वाटलं. ते लिहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

२४ ऑक्टो., शुक्र.

शाळा सुटल्यावर गेले. दादा डोळ्याला भिंग लावून कसल्याशा रेडिओत डोकं घालून बसलेले. दुकानाबाहेर ऊन, मी आत पाय टाकेना. तेच म्हणाले, "आत ये गो बाय. उनात कित्याक उभी?"

बसायला स्टूल दिलं. मला विचारता येईना. शेवटी विचारलं, ऐकलंत?

म्हणाले, "स्क्रू फिरवताना आवाज ऐकाकच लागता. तुझो आवाज इलो. चार वाक्यां झाली तसो बंद केलंय."

"आणि मगे?"

"मगे पुसलंय."

"दादा, तुमी आपल्यार कित्याक घेतलास?"

भिंग काढून पुसत राहिले. मग म्हणाले, "मेस्त्रीच्या हातान वस्तू बिघाडता, ह्या लोकांका पटता. तू आता घराक जा. चेडू शाळेतसून इला आसात."

चार वाक्यं. माझी पहिली चार वाक्यं कोणती ते मला माहीत आहे. घरी येईपर्यंत पदर डोक्यावरून खाली घेतला नाही.

२५ ऑक्टो., शनि.

सुट्टी लागायच्या आधीचा शेवटचा दिवस. हेडमास्तरांनी बोलावलं. शाळेच्या लाउडस्पीकरची पेटी खरखरते, सव्वीस जानेवारीच्या आत दुरुस्त व्हायला हवी. दर वर्षी शांतारामच करतात.

"बाई, तुमच्या घरची कसलीशी टेप त्याने बिघडवली म्हणे. पेटी त्याच्याकडे द्यावी, की कणकवलीला पाठवू?"

एवढंच बोलायचं होतं, की द्या त्यांच्याकडे. दोन शब्द.

म्हटलं, मला त्यातलं काही कळत नाही, सर.

हेडमास्तरांनी वहीत कणकवली लिहिलं. मी उभी राहून बघितलं.

दिवाळी, पहिला दिवस

कारीट फोडलं. ह्यांनी मिनूला फुलबाज्या आणल्या. कॉम्प्युटरच्या पुस्तिकेतून मिनू बटणं दाबून स्वतःचं नाव पडद्यावर ओळीने उमटवायला शिकलीय. पडदाभर मिनल मिनल, इंग्रजीत. हे खूश. पाणबुडीचं नाव आता काढत नाहीत.

फराळाचं ताट आचऱ्याच्या माणसांना दर वर्षी जातं. दादांचंही भरलं. हे म्हणाले, त्याला नको. ताट परत रिकामं केलं.

८ नोव्हे., शनि.

बाजारात गेले होते. दादांचं दुकान उघडं. टेबलावर एकही रेडिओ नाही. एरवी फळीवर रांग असते, प्रत्येकाला नावाची चिठ्ठी. ते पेपर वाचत होते. तोच पेपर उलटून परत. कापडवाल्याकडे उभी होते तर दोन बाया बोलत होत्या, हल्ली त्याला दिसत नाही वाटतं नीट, वस्तू घालवतो.

कापड न घेताच आले.

दुपारी हे पडवीत खिडकीला रंग देत होते. मिनू मैत्रिणीकडे गेलेली. आतापर्यंत दहा वेळा मनात म्हटलेलं तोंडातून आलं ते वेगळंच आलं. मी म्हटलं, "शांतारामदादांन काय एक केला नाय. कॅसेट माझ्या हातान गेली. जुलैत. खेळ आसा ह्या माका कळला नाय. तुमका धाडूक म्हणान तिच्यार बोललंय."

ब्रश थांबला. रंगाचा थेंब पायावर पडला तो त्यांनी पुसला नाही.

"आणि तो पुसली म्हणता?"

"माझो आवाज पुसल्यानी. माझ्यासाठी."

ब्रश डब्यावर आडवा ठेवला. मग म्हणाले, "मिनूक मी खोटी म्हटलंय तेवा तू हयच बसललंस."

मी हो म्हटलं.

"खोबरा किसत होतंस."

त्यांच्या लक्षात होतं.

मग विचारलं, "काय बोलललंस त्याच्यार?"

म्हटलं, आठवत नाही. त्यांनी पुन्हा विचारलं. पुन्हा तेच. आणि तिसऱ्यांदा. खरं सांगायला तोंड उघडलं आणि त्यातही खोटं शिरलं.

ब्रश रॉकेलमध्ये घातला, सदरा अडकवला आणि उन्हातून भरडाकडे चालत गेले. न जेवता.

९ नोव्हे., रवि.

काल दिवेलागणीला परतले. म्हणाले, शांतारामकडे चहा घेतला. एवढंच. हॉटेलात जाऊन सांगितलं का, माफी मागितली का, काही नाही. दादांनी सांगितलं असेल का? नसेल. पण चार वाक्यं ऐकलेल्या माणसासमोर हे तीन तास बसले होते.

मिनू माझ्याशी बोलत नाही. वेणी स्वतः घालते. वाकडी येते, पण घालते.

१२ नोव्हे., बुध.

सकाळी टेपरेकॉर्डर दिसला नाही. हे म्हणाले, दादांकडे दिलाय, आवाजाचं बटण ढिलं झालंय ते बघायला. स्वतः नेऊन दिला. भर बाजारातून, हातात धरून.

कॅसेटीत काय होतं ते त्यांनी पुन्हा विचारलेलं नाही. विचारतील म्हणून मी दोन दिवस मागच्या दारी बसते, मिनू खेळायला गेलेली असते तेव्हा. विचारत नाहीत. विहिरीचं पाणी काढून देतात, माझ्याआधी उठतात. एखाद्या घरी पहिल्यांदा गेलेल्या माणसासारखे, ह्या कपात चहा घेऊ का, विचारतात.

१८ नोव्हे., मंगळ.

शाळा सुरू झाली. पहिल्या तासाआधी हेडमास्तरांकडे गेले. सांगितलं, आमची कॅसेट शांतारामांनी बिघडवली नव्हती, माझ्याकडून गेली होती, त्या दिवशी मी बोलायला हवं होतं. त्यांनी चष्म्यावरून बघितलं. म्हणाले, बरं झालं सांगितलंत बाई, पण पेटी कणकवलीला गेली. पुढच्या वर्षी बघू.

घरी येऊन मिनूला तेच सांगितलं. तुला खोटी म्हणाले तेव्हा मला ठाऊक होतं, असंही सांगितलं. ती म्हणाली, "माका बाबांनी सांगलानी." मग थोड्या वेळाने, "तू तेवा माझ्याकडे बघलंस पण नाय."  

२० नोव्हे., गुरु.

हे गेले. सकाळची गाडी. मिनू स्टँडवर आली, शाळा बुडवून. गाडी सुटायच्या आधी खिडकीतून हे तिला सांगत होते, पुढच्या खेपेला नवी कॅसेट आणतो, तोपर्यंत पुस्तिकेतलं सगळं शिकून ठेव. मग माझ्याकडे बघितलं. काहीतरी बोलायचं होतं असं वाटलं. कंडक्टरने घंटी मारली.

घरी आले. पडवीतली खिडकी अर्धी रंगवलेली राहिली. जुलैमध्ये म्हटलं होतं तसं बरं वाटेल असं वाटलं होतं. दिवसभर बघितलं, वाटतंय का.

वाटलं. थोडं. खोटं लिहून काय उपयोग. आणि त्याबरोबर दुसरंही काहीतरी, ज्याला नाव नाही.

२१ नोव्हे., शुक्र.

मिनूने वेणी घालायला पाठ केली.  फणी पुढे केली.

२३ नोव्हे., रवि.

पत्र लिहायला बसले. आधी तीन कागद फाडले. एकात नुसतीच माफी होती. दुसऱ्यात मिनूच्या तापाचं एवढं लिहिलं की सगळा दोष पावसावर गेला. तिसरा वाचून मलाच माझी दया आली, तो चुलीत.

चौथ्यात कॅसेटीत बोलले ते जसंच्या तसं लिहिलं, मालवणीत, बोलले तसं. पावणो. तोंडाकडे बघणं. दोघी हसतो ते. खाली लिहिलं की हे त्या दिवशी खरं होतं, आणि काही काही दिवशी अजूनही खरं असतं. आणि तुमचं पत्र लांबलं की माझे पाढे चुकतात, हेही खरं आहे, ते त्या अर्ध्या तासात एकदाही बोलले नाही. आठवत नाही म्हणाले ते खोटं होतं. दोन्ही एकाच बाईचं आहे, तुम्ही काय ते समजा.

चार पानं झाली. वाचली नाहीत. वाचली असती तर पाचवा कागद घेतला असता.

२४ नोव्हे., सोम.

पत्र टाकलं. बोटीच्या मुंबईच्या एजंटच्या पत्त्यावर. पोस्टाबाहेर पेटीच्या तोंडाशी धरून उभी राहिले, मागे एक म्हातारे मनीऑर्डरचा फॉर्म घेऊन थांबलेले, म्हणून सोडलं.

येताना भरडावरून आले. दादांच्या टेबलावर दोन रेडिओ होते, आणि आमचा टेपरेकॉर्डर, तयार, चिठ्ठीसकट. दादांनी मान वर केली. मी थांबले. ते म्हणाले, "बटण घट केलंय. आता सैल जावचा नाय." पिशवीत घालून दिला. पैसे घेईनात, ते टेबलावर ठेवून आले.

पत्र शुक्रवारी पोचेल. ह्यांची बोट रविवारी मुंबईहून सुटते. मध्ये एक शनिवार आहे.